घट बसलेल्या घराला कुलूप लावत नाहीत

शीला फडतरेला सिंगापूरला जायचं नव्हतं, झोपायचं होतं. हे तिनं स्वतःच्या तोंडानं मला सांगितलं, पण ते जरा पुढे. त्याआधी पावसाळाभर मी समोरच्या दारातून तिची तयारी बघत होते आणि परदेशी निघालेली बाई इतकी ओढलेली का दिसते, याचं नवल करत होते.

डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या बाजूला आमची तीन मजली इमारत. दुसऱ्या मजल्यावर दोनच दारं, एक आमचं आणि एक फडतऱ्यांचं. माझी सकाळची शाळा, दुपारी जेवणाच्या वेळेला मी घरी. मुलगा पुण्याला शिकायला आणि आमचे हे संध्याकाळी उशिरा येणार, त्यामुळे दुपारी आमच्या घरात पंख्याचा काय तो आवाज. समोरच्या घरात मात्र कुणी ना कुणी 'शीला' नाहीतर 'आई' म्हणून हाक मारतच असायचं. त्यांची उत्तरा चौथीत माझ्या वर्गात होती. तेव्हापासून ते सगळेच मला 'बाई' म्हणतात, शीलाची सासू दगडाबाईसुद्धा, आणि ती तर माझ्या आईच्या वयाची.

महिपतराव फडतऱ्यांचं स्टेशनकडे हार्डवेअर आणि रंगाचं दुकान. रंगाच्या कंपनीनं त्या वर्षी दुकानदारांसाठी स्कीम काढली होती. अमुक इतका माल उचलला की नवराबायकोला सिंगापूर आणि बँकॉक फुकट, मुलं सवलतीत. महिपतरावांनी माल उचलला, खपवला, न खपलेला दुकानाच्या पोटमाळ्यावर रचून ठेवला आणि एका रविवारी पेढ्यांचा पुडा घेऊन आमच्या दारात उभे राहिले.

"बाई, तोंड गोड करा. फडतरे फॅमिली चालली सिंगापूरला."

"अरे वा! कधी?"

"ऑक्टोबरात. तारखा कंपनीनंच ठरवल्यात. विमान, हॉटेल, फिरणं, सगळं त्यांचं. आपण फक्त आराम करायचा."

शीला त्यांच्या मागे उंबऱ्यात उभी होती, हात कोपरापर्यंत पिठानं माखलेले. 'आराम' या शब्दाला ती हसली. पाहुण्यांच्या फोटोत हसावं तसं.

मग तयारी लागली. पासपोर्ट महिपतरावांनी काढून घेतले, पण त्यासाठी फोटो काढायला मुलांना पकडून नेणं, चौकशीला आलेल्या पोलिसाला चहा करणं हे शीलाचं. कल्याणहून चार मोठ्या बॅगा आल्या. त्या ठेवायला जागा नव्हती म्हणून पलंगाखालचे धान्याचे डबे बाहेर आले आणि स्वयंपाकघरात वाट राहिली नाही. शीला ते डबे ओलांडून पोळ्या लाटायची.

तिच्यासाठी दोन पंजाबी ड्रेस शिवले होते. तिनं आयुष्यात कधी घातले नव्हते.

"साडीत काय फिरणार आहेस तिकडे?" महिपतराव म्हणाले. "उल्हासनगरच्या डीलरची मिसेस जीन घालणार आहे, जीन."

"घालू दे. त्यांना शोभत असेल. माझं पोट दिसतं."

"मग कमी कर. महिना आहे अजून."

कॅनव्हासचे बूटही आणले होते. संध्याकाळी गच्चीवर उत्तरा आईला बूट घालून चालवायची. मी वाळवण उचलायला गेले की ही शिकवणी दिसायची.

"आई, पाय उचल गं! चप्पल नाहीये ती. काय घासत चाललीयस!"

"इतकी वर्षं घासतच चाललेय. आता कुठनं उचलू?"

धाकटा आनंद कठड्यावर बसून हसायचा. शीला दोन फेऱ्या मारायची आणि खाली बसून नाडी सोडायची. तिला खाली कुकर लावायचा असायचा.

आणि खाणं. कल्याणचा एक दुकानदार आधी जाऊन आला होता. त्यानं महिपतरावांच्या मनात भरवलं की तिकडे कशात काय घातलेलं असेल याचा भरवसा नाही, बेडकापासून सुरुवात आहे. झालं. चिवडा, शंकरपाळ्या, दशम्या, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, जवसाची चटणी, सुका ठेचा. सगळं छोट्या छोट्या प्लास्टिकच्या पिशव्यांत. पिशवीचं तोंड दुकानातल्या करवतीच्या पात्यावर दुमडायचं आणि मेणबत्तीच्या ज्योतीवरून फिरवून चिकटवायचं. हे काम मी तिच्यासोबत बसून केलं आहे. एकदा पिशवी धरल्याधरल्या ती डुलकली आणि पिशवी पेटली.

"शीला, अगं हात!"

"काही नाही हो." तिनं पिशवी फरशीवर आपटून विझवली. "जवस होता. जवस काय, परत भाजीन."

त्यातच घट जवळ आले. फडतरे मूळचे साताऱ्याकडचे. त्यांच्यात घट बसायच्या आधी घरातलं झाडून सगळं धुऊन काढतात, गोधड्या, चादरी, पडदे, उश्यांचे अभ्रे, ट्रंकेतले न वापरलेले कपडेसुद्धा. गावाकडे नदीवर बैलगाडी न्यायची असते. डोंबिवलीत नळाला पाणी दुपारी चार वाजता यायचं आणि अंधार पडायच्या आत जायचं. शीला तेवढ्यात एकेक गोधडी पायांनी तुडवायची आणि पिळून, खांद्यावर टाकून तिसऱ्या मजल्यावरच्या गच्चीत न्यायची. खाली आली की पुन्हा बॅग. माणसं परदेशी निघाली म्हणून देवीनं काही धुणं माफ केलेलं नव्हतं.

घट आणि सिंगापूर एकाच आठवड्यात येतात, हे महिपतरावांच्या गावीही नव्हतं. कंपनीनं तारखा सांगितल्या आणि त्यांनी हो म्हटलं. दुकानातल्या कॅलेंडरवर त्यांनी दुधाचा हिशेब लिहिला असेल, त्याखालची तिथी कधी वाचली नाही. ती दगडाबाईनं काढली, पितृपक्षात, बोटांच्या पेरांवर मोजून.

त्या दिवशी मला समोरून बोलावणं आलं. दगडाबाई खुर्चीत बसली होती. गुडघ्यांमुळे ती जमिनीवर बसत नाही. बसली तर दोघांनी उठवावी लागते.

"बाई, तुमी शिकल्यासवरल्या. ह्याला इचारा, दुसऱ्या माळेला ह्यो इमानात बसनार. मग घरात घटाला कोन?"

"अगं आई, माहीत नव्हतं मला," महिपतराव म्हणाले. "आता तारीख बदलत नाही. शंभर माणसं चाललीत. सहदेवकडे नेऊन बसवू घट, कळव्याला."

"देव टेम्पोत घालून न्ह्यायचा व्हय? घट थोरल्याच्या घरी. तुज्या बापानं मोडलं न्हाय, आज्यानं मोडलं न्हाय."

"मग कुलूप लावून जाऊ. देव काय पळून जातोय?"

दगडाबाई लेकाकडे बघतच राहिली. मग माझ्याकडे वळून, तो तिथं नसल्यासारखं, तिनं मला समजावून सांगितलं. घट बसलेल्या घराला कुलूप लावत नाहीत. घटापुढचा दिवा नऊ दिवस, नऊ रात्री जळतो. वात एकच, लांब वळलेली. ती पुढे सारत राहायची, पण बदलायची नाही. दिवा जाऊ द्यायचा नाही. एका साली गावाकडे दिवा गेला, उंदरानं वात ओढली. त्या साली संक्रांतीच्या आत म्हातारा गेला.

"आई, बाबांना हार्टचं होतं," महिपतराव म्हणाले.

"व्हतं की. पर त्याच साली का गेला?"

दगडाबाईला एकटीला ठेवता येणार नव्हतं. वाकून दिव्यात तेल घालणं तिला होत नाही. ती कळव्याला धाकट्याकडे जाणार हे आधीच ठरलं होतं. एकेकानं माझ्याकडे बघायला सुरुवात केली. शीला तेवढी बघत नव्हती. ती कोथिंबीर निवडत होती.

मी म्हटलं, "मी बसेन की दिव्यापाशी. दुपारी वह्याच तपासायच्या असतात, त्या इथं बसून तपासीन. रात्री आम्ही दोघं इथंच झोपू. घर उघडं राहील, दिवाही राहील."

महिपतरावांनी दोन्ही हात जोडले. दगडाबाईनं मान हलवली. "बाई हाईत म्हनून. दुसरं कोन असतं तर न्हाय म्हनले असते." शीला कोथिंबीर घेऊन आत गेली. जाताना मला वाटलं, तिला माझा राग आला आहे. मला काही कळेना.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर ती ओल्या गोधडीचं एक टोक धरून उभी होती. मी दुसरं धरलं.

"बाई, एक मागू?"

"माग ना."

"तुम्ही नाही म्हणा."

"कशाला?"

"दिव्याला. सांगा, शाळेत परीक्षा निघाल्या. नाहीतर पुण्याला जायचंय लेकाकडे. काहीपण सांगा."

"अगं, मग तुझं जाणं राहील!"

"तेच तर."

गोधडी पिळता पिळता ती बोलत होती. माझ्याकडे बघत नव्हती. "मला कळलेलं पहिल्याच दिवशी. ह्यांनी पेढे आणले ना, तेव्हाच मी कॅलेंडर बघितलेलं. बोलले नाही. म्हटलं, आत्यांच्या लक्षात येईलच." सासूला ती सासरच्या रीतीनं आत्या म्हणायची. "बाई, कोलशेतहून ह्या घरात आले ती एकोणिसाव्या वर्षी. तेव्हापासून घरात मी एकटी, असा एक दिवस गेला नाही. माहेरी गेले तर मुलं बरोबर. दवाखान्यात गेले, दोन्ही वेळा, तर शेजारी पाळणा. आता चौघांत मी नसले की तिघं जातील, आत्या कळव्याला. घराला कुलूप लावायचं नाही म्हणजे कुणीतरी पाहिजेच. ती मी. दिव्यात तेल घालायचं आणि झोपायचं."

"सगळे दिवस झोपणार?"

"आधी झोपणार. उठले तर बघू पुढचं."

"आणि सिंगापूर? असं परत मिळणार आहे का?"

"तिथं पण मीच आहे ना बाई. ह्यांचा चष्मा कुठं, आनंदचा मोजा कुठं, चिवडा कुठल्या बॅगेत. नुसती जागा बदलणार." तिनं गोधडी दोरीवर टाकली आणि दोरी वाकली तशी खालून हातानं पेलून धरली. "मला जागा बदलायची नाहीये. माणसं हलायला हवीत थोडे दिवस."

मी नाही म्हटलं. पुण्याचं कारण सांगितलं. महिपतरावांचं तोंड उतरलं. "बाई, तुमच्यावर सगळं टाकलं होतं हो." शीला मागे उभी होती. "जाऊ द्या, बाई तरी काय करतील? माझ्या नशिबात नाही म्हणायचं," असं ती इतक्या सरळ चेहऱ्यानं म्हणाली की मला खाली फरशीकडे बघावं लागलं.

इमारतीत दोन दिवसांत सगळ्यांच्या तोंडी झालं. देवीच्या दिव्यासाठी शीलानं सिंगापूर सोडलं. तळमजल्यावरच्या कलावतीबाईंनी वर येऊन तिला ओटी भरून नारळ दिला. शीलानं तो घेतला, वाकून नमस्कार केला आणि माझ्याकडे न बघता दार लावलं. त्या दोन-चार दिवसांत तिच्या चालण्यात मी प्रथमच जरा उचललेलं पाऊल बघितलं.

रविवारी कळव्याहून सहदेव आला. महिपतरावांचा हा धाकटा भाऊ. पूर्वी कधीतरी मस्कतला जायचं म्हणून त्यानं पासपोर्ट काढला होता. मस्कतचं जमलं नाही, पासपोर्ट तसाच पडून होता. रिकामी जागा वाया कशाला घालवायची? कंपनीला नाव बदलून द्यायला अजून अवधी होता. महिपतराव खूश, सहदेव तर लहान मुलासारखा.

"वहिनी, तुमच्यामुळे हां! नाहीतर मी कसला जातोय सिंगापूरला. काय आणू बोला."

"काय नको. सांभाळून जा."

मला वाटलं, बरं झालं, कुणाच्या मनात हळहळ नको. पण पुढच्याच दिवशी सहदेवच्या बायकोचा, मंजुळाचा, आमच्या घरी फोन आला. फडतऱ्यांकडे तेव्हा फोन नव्हता. मी शीलाला हाक मारून बोलावलं. मंजुळाचा आवाज रिसीव्हरातून माझ्यापर्यंत येत होता.

"ताई, मी काय म्हणते, हे पण चाललेत ना. मग मी इकडे एकटी दोन पोरांना घेऊन काय करू? आणि तुम्हाला तरी एकटीला कसं करमणार हो? मी तिकडेच येते. तुम्हाला सोबत होईल, मला घट करायला मिळतील. आणि आत्यांना कशाला हलवायचं मग? राहू दे त्यांना तिथंच. त्यांचं मन घटात अडकलेलं."

शीला ऐकत होती. तिनं फोनची वायर बोटाला गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली.

"ताई? ऐकताय ना? आणि ते पंजाबी ड्रेस, तुम्ही काय घालणार नाही ना आता? मला होतील. थोडे आत घेतले की झालं."

"ये," शीला म्हणाली. "मुलांचे गरम कपडे नको आणू, इथं उकडतंय."

फोन ठेवून ती तिथंच स्टुलावर बसली. मी तिच्यासमोर पाणी ठेवलं. तिनं ते सगळं पिऊन टाकलं, भांडं पालथं घातलं आणि म्हणाली, "साबुदाणा वाढवायला हवा." आणि गेली.

घट बसले. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पाटावर पत्रावळ, तीत माती, मातीत धान्य, मध्ये कलश आणि शेजारी पितळी दिवा. वात शीलानंच वळली होती. ताम्हणात ती पांढऱ्या सापासारखी वेटोळं घालून पडली होती.

दुसऱ्या माळेला मंडळी निघाली. खाली गाडी उभी होती. इमारतीतले सगळे उतरले, मीही; माझं पुण्याचं पुढे गेलं, असं मी तोवर सांगून टाकलं होतं. बॅगांवर कुंकवाची बोटं उठवली होती. शीला खाली आली नाही, दिव्यापाशी कुणीतरी हवं म्हणून गॅलरीतूनच हात हलवत होती.

"आई, ते बूट मी घेतलेत गं! मला बसले!" उत्तरा खालून ओरडली.

"घाल, घाल!"

"शीला," महिपतराव ओरडले, "माझ्या गोळ्या?"

"तुमच्या बॅगेत, बाहेरच्या कप्प्यात. सहदेवभावजींचं दाढीचं सामानपण तिथंच आहे."

गाडी गेली. ती वळणाआड होते न होते तोच मंजुळाच्या धाकट्यानं गॅलरीच्या गजातून डोकं घातलं आणि ते अडकलं. ते सोडवायला मला तेल घेऊन जावं लागलं.

त्यानंतरचे दिवस कसे असणार हे सांगायला नको. मंजुळा वाईट नव्हती. कामाला हात लावायची, पण प्रत्येक गोष्ट विचारायची. "ताई, भगर किती घेऊ? ताई, हे पातेलं की ते? ताई, आत्यांचा चहा साखरेचा की बिनसाखरेचा?" मुलं पलंगावरून उड्या मारायची. शीलाचा नऊ दिवस उपास. घर सोडून लांब गेलेल्या माणसांसाठी घटाची ओटी भरायला बायका यायच्या आणि प्रत्येकीला शीला सांगायची, "हो, पोचले. हो, फोन आलेला बाईंकडे. हो, मजेत."

तिसऱ्या की चौथ्या माळेला दुपारी ती आमच्या दारात आली.

"बाई, वह्या तपासताय?"

"हो. का गं?"

"तुमचं चालू दे. मी जरा इथं टेकू?"

मी उशी आणायला आत गेले. परत आले तर ती चटईवर कुशीवर वळून, हाताची उशी करून झोपली होती. तोंड किंचित उघडं. पायांच्या टाचा भेगाळलेल्या, त्यांत हळद की गेरू काहीतरी भरलेलं. मी उशी भिंतीशी ठेवली. पंखा एका आकड्यानं वाढवला आणि लाल पेन हळू चालवायला लागले. चारला नळात हवा वाजली आणि ती एका झटक्यात उठून बसली, पदर सारखा केला आणि गेली.

मग रोजच. जेवणं आवरली, दिव्यात तेल भरलं, वात पुढे सारली की ती यायची. घरी सांगितलं होतं, बाईंचं शिवण घ्यायचंय. तीन दिवसांत मंजुळा मला जिन्यात म्हणाली, "काय हो बाई, एवढं काय शिवताय रोज? आमच्या ताईंना पार जुंपलंत तुम्ही." मी म्हटलं, "पडदे आहेत गं." मंजुळानं माझ्या मागच्या उघड्या दारातून आत बघितलं. आमच्या खिडक्यांना पडदे नव्हते.

सातव्या माळेची गोष्ट. शीला झोपली होती. दारावर काठीची टकटक झाली. उघडलं तर दगडाबाई. ती आपणहून आमच्या दारापर्यंत आलेली मी त्याआधी कधी बघितली नव्हती. एका हातात काठी, दुसऱ्यानं भिंत धरलेली.

"बाई, शीली हाय न्हवं? तिला हाका मारा. दिवा इझला."

मंजुळा मुलांना घेऊन माळेची फुलं आणायला गेली होती. धाकट्यानं जाताना गॅलरीचं दार उघडं टाकलं. वारा आला, ज्योत आडवी झाली आणि वात तेलात बुडाली. खुर्चीतून म्हातारीनं सगळं बघितलं, पण वेळेत उठता आलं नाही. तिचे दोन्ही मुलगे आणि दोन नातवंडं त्या वेळी समुद्रापलीकडे होती.

"उठवते," मी म्हटलं आणि वळले. दगडाबाईही माझ्याबरोबर दोन पावलं आत आली. चटईवर शीला पडली होती. त्या दिवशी ती उताणी झोपली होती, दोन्ही हात बाजूला टाकून, लहान मुलं झोपतात तशी. मंगळसूत्र घसरून मानेच्या मागे गेलं होतं. ती घोरत होती, अगदी बारीक.

दगडाबाई बघत उभी राहिली. मी वाकून शीलाच्या खांद्याला हात लावणार, तेवढ्यात काठीचं टोक माझ्या मनगटाला लागलं.

"ऱ्हाऊ द्या."

"अहो, पण दिवा..."

"लावल्याव लागंल की. चला, मला खाली बसवा."

समोरच्या घरात नेऊन मी तिला हळूच घटापुढे बसवलं. गुडघे मोडताना ती तोंडातल्या तोंडात कण्हली. जुनी वात तेलानं जड झाली होती, काडी लावली तरी धरेना. तिनं ती चिमटीनं काढून ताम्हणात टाकली आणि कापूस मागितला. मांडीवर नवी वात वळली. हात थरथरत होता म्हणून वात गाठाळ झाली. काडीही दोनदा विझली. तिसरी लागली. ज्योत धरल्यावर तिनं डोळे मिटले आणि एकेकाचं नाव घेतलं, म्हैपत, सहदेव, उत्तरा, आनंद. मग थोडं थांबून, शीला.

"कुनाला बोलू नगा, बाई," ती म्हणाली. "मंजीला तर न्हाईच. गावभर हुईल."

मी तिला उठवायला लागले, पण एकटीच्यानं जमेना. मग ती तिथंच बसून राहिली, मीही तिच्या शेजारी बसले. मुलं येईपर्यंत नाहीतर पाणी येईपर्यंत बसायचंच होतं.

पाणी आधी आलं. नळ वाजला आणि शीला डोळे चोळत दारात उभी राहिली. जमिनीवर बसलेली सासू तिनं बघितली, मला बघितलं, मग दिव्याकडे नजर गेली. नवी वात, पांढरी, गाठाळ. ताम्हणात तिची स्वतःची काळी, भिजलेली वात पडलेली. नऊ दिवसांची वात होती ती, तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तिच्या तोंडावरची झोप उडाली.

"आत्या..."

"झोप लागली?" दगडाबाईनं विचारलं.

"लागली."

"उठीव मला. तू त्या अंगानं धर, बाई ह्या अंगानं." आम्ही तिला उठवली. खुर्चीत बसल्यावर तिनं गुडघा चोळत, शीलाकडे न बघता म्हटलं, "उद्या जाताना उशी घिऊन जा. निसत्या हातावर झोपलीस की मान धरतीया."

शीलानं ताम्हणातली वात उचलली, पाण्यात सोडायच्या फुलांत ठेवली, पदर खोचला आणि बादली घेऊन नळाशी गेली.

आठव्या माळेला ती काखेत उशी घेऊन आली. मंजुळानं बघितलं की नाही, कोण जाणे.

दसऱ्याला सगळे परतले. दगडाबाईनं दारातच दोन्ही लेकांच्या तोंडांवरून हात फिरवला, नातवंडांना जवळ घेतलं आणि मग कुणाला न सांगता डोळे पुसले. महिपतरावांनी मला सिंगापूरहून आणलेली घडीची छत्री दिली.

"शीला यायला हवी होती बाई. काय आराम होता! सकाळी उठलं की चादरसुद्धा आपण घालायची नाही. माणूस येतो."

शीला बॅगा उघडत होती. चिवडा बराचसा तसाच परत आला होता, सादळलेला. जवसाच्या चटणीची एक पिशवी फुटून ती सहदेवच्या शर्टांत मिसळली होती. तिनं एकेक कपडा झटकून धुण्याचा ढीग केला. चौघांचे इतक्या दिवसांचे कपडे, त्यात तिकडून आणलेल्या टॉवेलांची भर. ढीग पलंगाएवढा झाला.

"आज राहू दे," मी म्हटलं.

"पाणी आहे तोवर भिजवून ठेवते."

उशी माझ्याकडेच राहिली होती. ती तिनं मागितली नाही, मीही नेऊन दिली नाही. अभ्रा तेवढा मी धुऊन घातला.